मातीच्या भिंतीला कोणता रंग: इमल्शन, चुना की चुना-केसीन?

भिंत पुसता यावी आणि तिच्यातल्या ओलीला बाहेर पडायला वाटही राहावी, या दोन्ही गोष्टी मातीच्या घरात पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत. म्हणून कोणत्या भिंतीला काय जास्त हवं, हे आधी ठरवा.

धुवायला सगळ्यांत सोपं प्लास्टिक इमल्शन. पण मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, पावसाळ्यात हवेतलीही शोषते. वर या रंगातल्या अॅक्रिलिकचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पापुद्रा बसला की ती ओल त्याच्यामागे कोंडते. आमच्या जुन्या घराच्या माजघरात दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुगे आले. रंग खरवडायला घेतला तर लिंपणाचा थरही सोबत आला, आणि अख्खी भिंत पुन्हा लिंपावी लागली. मातीवर इमल्शन लावूच नका, हे मी ठासून सांगेन.

चुना याच्या अगदी उलट. चुनकळी विझवून, गाळून, पातळ करून तीन-चार हात मारायचे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा चुनखडक बनतो. त्याला त्यासाठी ओलावा लागतो, म्हणून भिंत आधी पाणी शिंपडून ओलवायची आणि कडक उन्हात काम करायचं नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही, कोकणात हे फार मोलाचं. मात्र पाठ टेकली की कपड्यांना लागतो. डिंकाचं पाणी घातल्यास कमी लागतो, तरी ओल्या फडक्याने घासणं त्याला सोसत नाही.

चुना-केसीन मला मधला खरा मार्ग वाटतो. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन. साय काढलेल्या दुधाचा पाच भाग ताजा चक्का आणि एक भाग विझवलेला मऊ चुना घोटला की दाट, चिकट बंध तयार होतो. तो पाण्याने पातळ करून त्याच दिवशी संपवायचा. वाळल्यावर हात फिरवला तर पांढरा होत नाही, हलकं पुसणंही चालतं. पण तो दुधाचा आहे. कोंदट, ओल्या खोलीत त्यावर बुरशी येऊ शकते. देशावरच्या कोरड्या हवेत तो बिनधास्त वापरा, कोकणात साधा चुनाच बरा.

2021 मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने शेणापासूनचा ‘प्राकृतिक पेंट’ आणला, डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही प्रकारांत. मातीसाठी घ्यायचाच तर मी डिस्टेंपर घेईन. सिलिकेट रंग (पोटॅशियम सिलिकेटने बांधलेला खनिज रंग) चुन्यासारख्या खनिज गिलाव्यावर उत्तम, म्हणून चुन्याचा गिलावा असेल तरच त्याचा विचार करा.

हात, पाठ, मुलांची खेळणी लागतात ती खालची तीन फूट पट्टी वेगळी धरा. ती भिंत कोरडी असेल तर तिथे पातळ जवसाचं तेल चालतं. खालून ओल चढत असेल तर तेल नको. तिथे शेणमातीने सारवलेलंच ठेवा, खराब झालं की तासाभरात पुन्हा सारवता येतं.

आणि रंग विकत घेणार असाल तर दुकानदाराकडे त्याचं एसडी मूल्य मागा, म्हणजे रंगाचा थर वाफेला किती मीटर जाड हवेच्या थराइतका अडवतो तो आकडा. ते 0.14 मीटरपेक्षा कमी असेल तर वाफ सहज बाहेर पडते.