सात माणसांची गाडी: सेकंडहॅण्ड इनोव्हा क्रिस्टा, मागच्या सीटवरून

मोठी गाडी बघायला गेलं की शोरूमवाले आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात. मी सासूबाईंना सोबत नेलं. प्रत्येक गाडीत आधी त्या मधल्या रांगेत चढल्या, मी तिसऱ्या रांगेत शिरले, आणि मगच स्टेअरिंगला हात लावला. सात माणसांच्या घरासाठी गाडी घ्यायची तर ती मागून पुढं बघायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही साताऱ्याचे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि वन्सं. माझं माहेर चिपळूणला, म्हणजे कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरणं आलंच. धाकट्याला गाडी लागते. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. आमच्या लेखी गाडीची परीक्षा एवढीच होती.

भाऊजींचा आग्रह मात्र एसयूव्हीचा. "वहिनी, हायवेला वट पाहिजे. मागून लाईट दिली की पुढच्यानं बाजूला व्हायला पाहिजे." त्यांच्या शब्दाखातर दोन-तीन चालवूनही पाहिल्या. बसण्याची उंची आवडली, लांबचं दिसतं. पण शहरात वळताना बॉनेटच्या पुढ्यातलं लहान मूल दिसणार नाही, हे लगेच जाणवलं. स्कूटीवाल्या बायका मला पाहून घाईनं कडेला होत होत्या. माझ्या चालवण्यावर विश्वास म्हणून नव्हे, भीतीनं. मी स्वतः कितीतरी वर्षं स्कूटी चालवली आहे, त्यामुळे ती भीती मला ओळखता येते. असली वट मला नको.

एसयूव्हीवाल्यांबद्दल लोकांच्या मनात राग आहे आणि तो उगाच नाही. उंच, सपाट तोंडाची गाडी पायी चालणाऱ्याला धडकली तर मार पायांऐवजी छाती-पोटावर बसतो. त्यात पुढं लोखंडी गार्ड लावतात. केंद्र सरकारनं 2017 मध्येच हे गार्ड बेकायदा ठरवले. समोरच्याला ते घातक, आणि आतल्यांच्या एअरबॅगच्या कामातही त्यांचा अडथळा. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बंदी घातली. तरी आपल्याकडं कुठल्याही लग्नाच्या कार्यालयाबाहेर या दोन्ही गोष्टी रांगेनं उभ्या दिसतात. रात्री खंबाटकी घाटात समोरून अप्पर लावून कोण येतो, तेही सांगायला नको. पण सगळ्यांना एका मापानं मोजणं मला पटत नाही. पाटणच्या वरच्या वाड्यांत पावसाळ्यात दूध आणि आजारी माणसं खाली आणणारा बोलेरोवाला मी पाहिलेला आहे. त्याला ती उंची लागते.

तर शेवटी 2019 ची क्रिस्टा घेतली, डिझेल, मॅन्युअल, ओळखीतल्या डॉक्टरांची. इनोव्हा आपल्याकडं 2005 मध्ये क्वालिसच्या जागी आली आणि क्रिस्टा 2016 मध्ये. तीही एसयूव्हीसारखी लोखंडी चौकटीवरच बांधलेली, पण आखणी माणसं बसवण्यासाठी केलेली आहे. सासूबाई आधी बसतात, मग पाय आत घेतात. कुणी हात द्यावा लागत नाही. मधली सीट एका खटक्यात पुढं दुमडते, त्यामुळं मुलं चपला न अडकता मागं जातात. एसीची हवा छतातून मागच्या दोन्ही रांगांना मिळते, आणि गाडी लागणाऱ्या पोराच्या आईला हे फार मोठं आहे. तरी धाकट्याला मी घाटात पुढंच बसवते, कारण चौकटीच्या गाडीची मागची रांग खड्ड्यात उसळतेच. माणसं कमी असली की ती उसळी जास्त लागते. सातही जण बसले की गाडी शांत होते.

2393 सीसीचं इंजिन भरल्या गाडीनिशी कुंभार्ली कुरकुर न करता चढतं. क्लच जड आहे, डावा पाय संध्याकाळी बोलतो. लांबी 4735 मिलिमीटर, त्यामुळं राजवाड्याजवळ पार्किंग मिळवायचं म्हणजे पहाटे निघावं लागतं. तिन्ही रांगा वापरात असताना डिकीत चार बॅगा उभ्या राहतात. आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर मागची एक सीट बाजूला दुमडावी लागते, आणि मग कुणीतरी एसटीनं यायचं.

हिलाही रस्त्यावर मान मिळतो. पांढरी इनोव्हा म्हटली की लोकांना साहेब किंवा आमदार आठवतो. म्हणून करडा रंग मुद्दाम निवडला. काळ्या फिल्म नाहीत, गार्ड नाही, आणि मागून आलेल्याला मी जागा देते. भाऊजी अजून म्हणतात, गाडीला रुबाब नाही. पण दिवाळीत चिपळूणला जाताना मधल्या सीटवर हक्कानं तेच बसतात.

सेकंडहॅण्ड बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टॅक्सीत पळालेली गाडी खाजगी करून विकायला ठेवलेली असू शकते, म्हणून आरसी बुकावरचा इतिहास बघा आणि सर्व्हिसच्या नोंदी मागून घ्या. आणि 8 सीटरचं मधलं बाकडं स्वस्तात मिळालं तरी घरात म्हातारी माणसं असतील तर 7 सीटरच घ्या. दोन सुट्या सीटांमधून मागं जाता येतं, आणि प्रत्येकाला हात टेकायला आपापली जागा मिळते.