बारा वर्षे उभी असलेली पद्मिनी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या सासऱ्यांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी वाईच्या घरी बारा वर्षे उभी होती. गेल्या दिवाळीनंतर मी ती रस्त्यावर आणली आणि आठ महिन्यांत सुमारे चार हजार किलोमीटर चालवली. अशा गाडीचे काम ब्रेकपासून सुरू करावे, इंजिनापासून नव्हे, असे मी आता ठामपणे सांगेन.

इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. प्लग काढून सिलिंडरांत थोडे ऑइल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि टॉप गिअरमध्ये गाडी हाताने मागेपुढे ढकलून 1089 सीसीचे इंजिन मोकळे असल्याची खात्री करून घेतली. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता, म्हणून टाकी उतरवून धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, इग्निशनचे (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे) पॉइंट बदलले.

ब्रेकना मात्र तीन आठवडे लागले. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि माझ्या गाडीत ते एकाच सर्किटवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या एकाच सलग मार्गावर, असल्यामुळे एका ठिकाणी गळती झाली तरी सगळे ब्रेक एकदम जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या छोट्या सिलिंडरचे) रबर उचलताच आतून चहाच्या रंगाचे पाणी आले आणि पिस्टन जागीच गंजलेला दिसला. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाने खड्डे पडलेले असताना नुसते वॉशर किट (रबरी वॉशरांचा संच) बदलून भागत नाही. पहिल्या गॅरेजने तेवढेच केले होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात पेडल तळाला गेले. सुदैवाने तेव्हा गाडी गल्लीतच होती. मग चारही चाकांचे सिलिंडर नवे घातले.

दोन महिन्यांनी पुढचे उजवे चाक, पेडल सोडल्यावरही, धरून राहू लागले. ड्रमला हात लावता येईना इतका तो तापे. दोष निघाला चाकाच्या ब्रेककडे ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपात. बाहेरून धडधाकट दिसणारा तो पाइप कापून पाहिला, तर आतले रबर फुगून सुईच्या नेढ्याएवढी वाट उरली होती: दाबाने ऑइल पुढे जाई, पण लवकर परत येत नसे. जुने होज पाइप दिसायला कितीही चांगले असले तरी पहिल्याच दिवशी बदलावेत.

आता पसरणी घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्येच राहतो, कारण सतत दाबून धरले तर ड्रम तापून ब्रेकचा जोर कमी होतो. मागच्या रविवारी पाचगणीहून उतरून घरी आल्यावर चारही ड्रमना हात लावून पाहिला. चारही सारखेच कोमट होते.