बाथरूमच्या छताला कोणता दिवा: सीलिंगमधला डाउनलाइट की स्लॅबवरचा बंद दिवा?

साताऱ्यात किंवा सांगलीत जुन्या बाथरूमचे काम काढले, की टाइल्स आणि नळ निवडण्यात आठवडा जातो आणि दिव्याचा निर्णय मात्र वायरमन दारात उभा असताना उरकला जातो. पर्याय मुख्यतः दोन आहेत: फॉल्स सीलिंगला गोल भोक पाडून स्प्रिंगच्या आधाराने बसणारा डाउनलाइट, आणि थेट स्लॅबवर स्क्रूने बसणारा बल्कहेड किंवा सरफेस पॅनल, म्हणजे काच किंवा झाकणाने सर्व बाजूंनी बंदिस्त असलेला ‘बंद’ दिवा. दिसायला पहिला निःसंशय सरस आहे. तरीही दिव्याच्या रूपापेक्षा छताची उंची आणि छताच्या वर काय आहे, या दोन गोष्टींवर ही निवड ठरवावी, असे माझे मत आहे.

उंचीचा हिशेब आधी पाहू. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांत शॉवरच्या भोवतालची जागा फरशीपासून २.२५ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण सात फूट पाच इंचांपर्यंत, ओल्या क्षेत्रात धरली जाते, आणि तिथे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा, म्हणजे किमान आयपी ४४ दर्जाचा दिवा अपेक्षित असतो (आयपी हा धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा). दहा फुटांवरचा स्लॅब या मर्यादेच्या वर राहतो. पण आपल्याकडे बाथरूमवर माळा काढण्याची पद्धत असल्याने छत बहुधा सात फुटांवरच येते, आणि त्याखाली आणखी सीलिंग केले तर दिवा हाताच्या टप्प्यात येतो. अशा ठिकाणी आयपी ६५ चा बंद दिवाच घ्यावा.

डाउनलाइटबाबत एक बारकावा दुकानात सहसा सांगितला जात नाही. खोक्यावर छापलेला आयपी ४४ हा पुष्कळदा फक्त दिव्याच्या खालच्या, दिसणाऱ्या बाजूपुरता असतो. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारी छोटी डबी, सीलिंगच्या वर सुटा पडलेला असतो, आणि गीझरच्या पाण्याची वाफ फटींतून नेमकी तिथेच जाऊन साचते. तिथला जोड नुसत्या टेपने गुंडाळलेला असेल, तर तो कधी खराब झाला हे खालून कळत नाही. म्हणून सीलिंग पीओपीऐवजी पीव्हीसी पट्ट्यांचे असावे, जोड झाकणाच्या डबीत असावेत आणि एक्झॉस्ट फॅन असावा. या तीन गोष्टी होणार असतील तरच डाउनलाइटचा विचार करावा.

बंद दिव्याचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे झिरपणारा स्लॅब. सातारच्या पश्चिमेकडील पावसाळ्यात गच्चीवरून मुरलेले पाणी स्लॅबमधल्या वायरच्या पाइपातून वाहत येते आणि पाइपाच्या तोंडाखालीच दिवा बसवलेला असेल तर थेट त्यात उतरते. बल्कहेडच्या काचेत तळाशी पिवळसर पाण्याची रेघ दिसली, तर आयपी ६५ चा दिवासुद्धा वरून भरला आहे असे समजावे. त्यामुळे दिवा पाइपाच्या तोंडापासून बाजूला घ्यावा, वायर रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणाऱ्या कड्यातून, आत न्यावी आणि स्क्रूची भोके सिलिकॉनने बंद करावीत. स्लॅब आधीच ओला असेल, तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग होईपर्यंत दिवा भिंतीवर उंच लावणे शहाणपणाचे. सीलिंगमागे ही गळती झाकली जाते. उघड्या स्लॅबवर निदान डाग दिसतो.

जुन्या घरांत दिव्यापर्यंत दोनच वायरी आलेल्या असतात, अर्थिंगची हिरवी वायर नसते. तिथे धातूच्या बॉडीचा दिवा लावू नये. चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा प्लास्टिक बॉडीचा दिवा घ्यावा. बंद केल्यावरही एलईडी रात्री मंद पेटलेला दिसत असेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर तर नाही ना, हे तपासून घ्यावे, कारण तसे असल्यास स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये वीज राहते.

काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, आणि तो शिडीवर चढण्यापूर्वी मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद असल्याची खात्री करावी. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन चालूच राहते, याचा घाईत विसर पडतो. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो खरोखर पेटतो का, हेही पाहावे. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असणे हे दोन्ही पर्यायांत दिव्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे. मात्र तो इन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असेल, तर लाइट गेल्यावर त्याचे संरक्षण मिळेलच असे नाही. म्हणून बाथरूमचा दिवा इन्व्हर्टरवर घ्यायचा झाल्यास त्याच्या पुढच्या बाजूलाही आरसीसीबीची सोय करून घ्यावी.

सांगलीतील कृष्णाकाठच्या तळमजल्यांना, जिथे २०१९ आणि २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरले, डाउनलाइटची शिफारस मी करणार नाही. आयपी ६५ हा दर्जा पाण्याच्या फवाऱ्यापुरता आहे, बुडण्यासाठी नाही. पुरात बुडालेला कोणताही दिवा बदलावाच लागतो, आणि स्लॅबवरचा दिवा चार स्क्रू काढले की उतरतो.