शाळेतला खजिना शोध आणि क्यूआर कोड: जूनपासूनचा अनुभव

आमची शाळा नागपुरात आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हापासून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मी क्यूआर कोड लावून खजिना शोध घेते आहे. आता फेब्रुवारी चालू आहे. उन्हाचे चटके, पाऊस, थंडी, तिन्हींत कोड टिकले, म्हणून हे लिहिते.

सगळ्यात आधी एकच आग्रह: क्यूआर कोडमध्ये लिंक नको, पुढची जागा सांगणारं कोडं थेट मजकूर म्हणून घाला. असा कोड इंटरनेटशिवाय वाचता येतो. आमच्या मागच्या इमारतीत रेंज नसते, तरी खेळ अडत नाही. फुकटच्या ‘डायनॅमिक’ कोडची (ज्यात मजकूर नसतो, बनवणाऱ्या वेबसाइटची लिंक असते) मुदत संपली की भिंतीवरचा कागद निकामी होतो. मजकुराचा कोड मात्र कायम चालतो.

मराठी कोडं लहान ठेवावं लागतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि मात्रा साधारण ३ बाइट घेते. एकटा ‘नागपूर’ शब्द १८ बाइटचा होतो! मजकूर वाढला की कोडमधल्या काळ्या-पांढऱ्या चौकटी बारीक होतात आणि जुने फोन कोड वाचताना अडखळतात. दोन ओळी पुरतात. मुलांना सर्वांत आवडलेलं कोडं हे: ‘गोंड राजा बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं ते वर्ष शोधा, अंकांची बेरीज करा, त्या नंबरच्या वर्गापाशी जा.’ वर्ष १७०२, बेरीज १०. अजब बंगल्याचं, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयाचं, स्थापनेचं वर्ष १८६३ घेतलं की १८ येते. वाचनालयात पुस्तकं उघडून भांडणारी पोरं बघितली आणि या खेळावर माझा जीव जडला. कोड स्कॅन करणं दोन सेकंदांचं काम, खरा खेळ पुढे आहे.

छपाईबद्दल. कोड बनवताना दुरुस्तीची पातळी (एरर करेक्शन) निवडता येते, ती नेहमी ‘एच’ म्हणजे सर्वांत वरची ठेवा. कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पेन्सिलीच्या रेघोट्या आणि पावसाचे डाग त्यामुळेच पचले. बाजूची पांढरी जागा कापू नका, निदान चार चौकटींएवढी हवीच. चकचकीत लॅमिनेशन मला अजिबात पसंत नाही: आपल्याकडच्या उन्हात ते इतकं चमकतं की कॅमेऱ्याला काही दिसत नाही. साधा कागद घ्या आणि सावलीतली भिंत निवडा. नागपूर म्हणून संत्र्याच्या रंगात कोड छापायचा मोह होतो, पण पांढऱ्यावर फिकट नारिंगी नीट वाचला जात नाही. कागदावर संत्रं काढा, कोड काळाच राहू द्या.

फोन गटाला एकच, तोही शिक्षकांचा. घरून फोन आणायला सांगू नये, सगळ्यांकडे नसतो. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या जागेवरून, म्हणजे एकाच कोडपुढे झुंबड होत नाही. एका गटाने कोडचा फोटो दुसऱ्याला दाखवला तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी खडूने लिहिलेलं एक अक्षर तिथे जाऊनच टिपावं लागतं. सगळी अक्षरं जुळवून शेवटचा शब्द तयार होतो.

पाचवीच्या खालच्या मुलांना मात्र हा प्रकार देऊ नका. ती फोनभोवतीच घोटाळतात. त्यांना चित्रांच्या चिठ्ठ्या पुरेत. कोड बनवायला खर्च शून्य, छपाई शाळेच्याच प्रिंटरवर. वेळ जातो तो कोडी रचण्यात, एका खेळाला एक अख्खा रविवार धरून चाला.