जलभंजनाचं संगणकीय मॉडेल: कोहेसिव्ह, फेज-फिल्ड की डीईएम?

आटलेल्या बोअरमध्ये पॅकर, म्हणजे बोअर घट्ट बंद करणारं बूच बसवायचं, खाली जोराने पाणी दाबायचं आणि कातळातल्या बुजलेल्या सांधी मोकळ्या करायच्या, हे जलभंजन मराठवाड्याला नवं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये एम.टेक.चा प्रबंध हाती घेणाऱ्याने या विषयाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. अडचण येते ती संगणकावर भेगेचं मॉडेल करायची पद्धत निवडताना. परदेशी शोधनिबंध बहुतेक दोन-तीन किलोमीटर खोल तेलविहिरींवर लिहिलेले असतात आणि त्यांचीच पद्धत डोळे झाकून उचलली जाते.

कोहेसिव्ह, फेज-फिल्ड आणि डीईएम या तीनही पद्धतींचा पाया एकच आहे. सच्छिद्र खडक आणि त्यातलं पाणी एकमेकांवर कसा दाब टाकतात हे बायो या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडलं. भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट होतो. तुलना करताना हा घन सतत डोळ्यांसमोर ठेवा.

फेज-फिल्ड सध्या सर्वांत लोकप्रिय. १९९८ च्या फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांच्या मांडणीतून ती पुढे आली. भेग ही धारदार रेघ न मानता ० ते १ अशा हानीच्या पट्ट्यात पसरवली जाते, त्यामुळे भेग कुठे वळेल, कुठे फाटे फुटतील हे आधी सांगावं लागत नाही. मांजऱ्या खडकात, म्हणजे पोकळ्यांनी भरलेल्या बेसाल्टमध्ये, त्या गर्दीतून भेग वाट कशी काढते हे पाहायचं असेल तर हिला तोड नाही. पण पट्टा पसरट असल्यामुळे भेगेची रुंदी थेट मिळत नाही, ती वेगळी काढावी लागते. आणि तिथली लहानशी चूक घनामुळे प्रवाहात मोठी होऊन बसते. पट्टा किती रुंद पसरेल हे ठरवणारी लांबी, हा आकडाही निरुपद्रवी नाही. रूढ मांडणीत ती चौपट केली की खडकाची ताणशक्ती निम्मी होते. शिवाय जाळीचा घटक, म्हणजे मॉडेल ज्या लहान तुकड्यांत विभागतात त्यातला एक तुकडा, त्या लांबीच्या निम्म्याहून मोठा चालत नाही. सहा इंची बोअरभोवती लांबी १ सेंटीमीटर धरली, तर २० मीटर बाय २० मीटरच्या साध्या द्विमितीय तुकड्याला एकसारख्या जाळीत १ कोटी ६० लाख घटक लागतात. जाळी भेगेजवळच बारीक करण्याची सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका. ओपनजिओसिस आणि मूस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, पण शिकायला वेळ घेतात.

कोहेसिव्ह पद्धतीत भेगेची वाट आधी आखून तिथे ताण वाढला की हळूहळू सुटणारे विशेष घटक बसवतात. रुंदी थेट हाती येते, भिंतीतून झिरपणारं पाणीही धरता येतं. वाट आधी ठरवावी लागते म्हणून हिला कमी लेखलं जातं. आपल्या बोअरसाठी मात्र हाच तिचा फायदा आहे. ६० मीटरवर वरच्या कातळाचा भार साधारण १.६ मेगापास्कल असतो, आणि इतक्या उथळ खोलीवर बहुधा हा उभा दाबच सर्वांत कमी असतो. भेग किमान दाबाच्या काटकोनात उघडते, म्हणजे इथे आडवी. त्यात दख्खनच्या लाव्हा थरांच्या सीमा आणि गेरूचे पट्टे मुळातच आडवे पसरलेले. वाट बरीचशी निसर्गानेच आखून दिली आहे. बोअरच्या अक्षाभोवती सममित असं मॉडेल केलं तर ते साध्या लॅपटॉपवर चालतं. तेलविहिरींसाठीचं उभ्या भेगेचं द्विमितीय मॉडेल इथे घेतलं तर भूमितीच चुकते.

घाईत काही जण जाळीतल्या प्रत्येक सांध्यावर कोहेसिव्ह घटक टाकतात. त्याने सगळा खडकच कृत्रिमरीत्या मऊ होतो. टाळा.

डीईएम, म्हणजे कण किंवा ठोकळे एकमेकांना चिकटवून केलेला खडक, कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये रूढ केली. बेसाल्टच्या उभ्या स्तंभी सांधी आडव्या सांधींना छेदतात तिथे ती जिवंत चित्र देते. पण कणांमधले बंध प्रयोगशाळेतल्या खडकाशी जुळवण्यातच महिने जातात. पीएच.डी.ला ठीक. एक्सएफईएम, म्हणजे जाळी न बदलता घटकांच्या आरपार भेग नेणारी आणखी एक पद्धत, एका-दोन भेगांपुरती उत्तम. भेगा एकमेकींना भेटू लागल्या की गुंतागुंत वाढते.

एका वर्षाचा प्रबंध असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कोहेसिव्ह घ्या, थराच्या सीमेवरच्या आडव्या भेगेपासून सुरुवात करा. नाणेआकार भेगेसाठी साविट्स्की आणि डेटूर्ने यांनी २००२ मध्ये दिलेल्या उत्तरांशी आधी ताळा जुळवा. ती अभेद्य खडकासाठी आहेत, म्हणून झिरपणं तेवढ्यापुरतं बंद ठेवा. फेज-फिल्ड त्यानंतर, भेगेची वाट आधी सांगताच येत नाही असा खडकाचा भाग आला की.

खोली कुठवर धरायची हेही गावागणिक बदलतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या ६१७ मीटर खोल बोअरमध्ये बेसाल्ट ३३८ मीटरला संपला. पश्चिमेकडे थर याहून जाड होत जातात. आणि ताणशक्ती पुस्तकातून उचलू नका. घट्ट कातळ आणि मांजऱ्या दोन्हींचे गाभे आणून ब्राझिलियन चाचणी (खडकाची चकती कडेने दाबून फोडून ताणशक्ती काढायची) करा, कारण मॉडेलमध्ये भेग केव्हा सुरू होते हे त्या आकड्यावर ठरतं.