आठ महिने मासामुनेसोबत: १/६ स्केलच्या सामुराई फिगरचा अनुभव

पेटी उघडली त्याच रात्री लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. आता आठ महिने झालेत. फिगर रोज नजरेसमोर आहे, चार-पाच वेळा पूर्ण उतरवून पुन्हा चढवून झाली आहे, आणि मत बरंच बदललं आहे. काही बाबतीत ते आणखी चांगलं झालं आहे.

फिगर, म्हणजे संग्रहासाठीची सांधे हलणारी हुबेहूब बाहुली, जपानमधल्या सेंदाईचा सामुराई सरदार दाते मासामुने (१५६७–१६३६) याची आहे. १/६ स्केल म्हणजे खऱ्या माणसाच्या एक-षष्ठांश आकाराची. काळं चिलखत, शिरस्त्राणावर ती प्रसिद्ध सोनेरी चंद्रकोर. शरीर ३० सेंमी, चिलखताचे पत्रे डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचे, कपडे शिवलेले, दोऱ्या खरोखर ओवलेल्या. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली ज्या उणिवा लिहिणार आहे त्या या प्रकारच्या बऱ्याच फिगर्समध्ये सापडतात.

आधी चढवण्याबद्दल, कारण खरा आनंद तिथेच आहे. माझी पहिली खेप तीन तास चालली आणि फसली. छातीचं कवच, म्हणजे 'दो', आधी बसवलं आणि मग नडग्यांचे 'सुनेआते' बांधायला गेले, तर कंबर वाकेना. खऱ्या सामुराईचीही हीच अडचण होणार! म्हणून तर चिलखत खालून वर चढवायचे: नडग्या, मांड्यांवरचं 'हाइदाते', हातांचे 'कोते', मग दो, आणि मुखवटा व शिरस्त्राण सगळ्यात शेवटी. त्या क्रमाने गेल्यावर प्रत्येक भाग आपापल्या जागी बसला. मासामुनेचा दो पाच पत्र्यांचा, बिजागऱ्यांनी जोडलेला असतो. इथेही बिजागऱ्या खऱ्या आहेत, उघडतात, मिटतात, आणि आठ महिन्यांत एकही सैल झालेली नाही. या एका गोष्टीसाठी मी ही फिगर पुन्हा घेईन.

फिगर निवडताना बहुतेकजण चेहरा बघतात. मीही तेच केलं होतं. आता मी आधी दोऱ्या बघते. चिलखताच्या पट्ट्या एकमेकींना बांधणाऱ्या या ओवणीला 'ओदोशी' म्हणतात. दाट ओवण म्हणजे 'केबिकी', अंतराअंतरावर जोडीने घातलेली ती 'सुगाके'. ओवण खरी असली की कमरेखालच्या झालरी, म्हणजे 'कुसाझुरी', स्वतःच्या वजनाने लोंबतात. फिगरला छावणीतल्या घडीच्या स्टुलावर बसवलं की त्या मांड्यांवरून पसरून मध्ये खाली पडतात, अगदी पडद्यासारख्या. ओवण प्लास्टिकमध्येच कोरलेली असेल तर झालर फळीसारखी पुढे उभी राहते, आणि मग चेहरा कितीही जिवंत असो, बसलेला माणूस खोटा वाटतो. माझ्या फिगरची ओवण उत्तम आहे. एकाच ठिकाणी, डाव्या खांद्यावरच्या संरक्षक पत्र्याखाली, म्हणजे 'सोदे'खाली, दोरीचं टोक पिंजलं होतं. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब टूथपिकने लावला, तेव्हापासून ठीक आहे.

अस्सलपणाचं म्हणाल तर चंद्रकोर बरोबर केली आहे. ती दोन्हीकडे सारखी नाही, घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला आखूड आहे. तलवार उगारताना अडू नये म्हणून ती तशी असल्याचं सांगतात. बऱ्याच स्वस्त फिगर्समध्ये ती सरळ समान करून टाकतात. डोळ्यावरच्या पट्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. देवीच्या रोगाने त्याचा उजवा डोळा गेला हे खरं, पण पट्टीची प्रतिमा पुढच्या काळात रूढ झाली. आपल्या चित्रांत आणि पुतळ्यांत दोन्ही डोळे दाखवावेत अशी त्याची इच्छा होती असं म्हणतात. पेटीत दुसरा, बिनपट्टीचा चेहरा असता तर किती छान झालं असतं! उंचीचंही तसंच. १९७४ मध्ये त्याची समाधी उघडली तेव्हा अस्थींवरून उंची सुमारे १५९ सेंमी ठरली. १/६ मध्ये ती साडेसव्वीस सेंमीच्या आसपास येते, पण कंपन्या सगळ्यांना एकच ३० सेंमीचं शरीर देतात. शेजारी दुसरा सामुराई ठेवला की हे खटकतं.

माहितीपत्रकात एक सरळ चूक आहे. कमरेला टांगायची 'ताची' ही लांब तलवार त्यात धार वर करून दाखवली आहे. टांगलेल्या ताचीची धार खाली असते. पट्ट्यात खोचलेल्या 'काताना' तलवारीची धार वर. मी ती लगेच उलटी करून घेतली.

आता झीज. डायकास्टचं वजन सगळं नितंबाच्या जॉइंटवर येतं. चौथ्या महिन्यात उजवा पाय हळूहळू बाहेर सरकू लागला. पाय फाकवून, गुडघा वाकवून उभी केलेली आक्रमक पोझ मी तीन आठवडे तशीच ठेवली होती, ती माझी चूक. आता स्टँडचा आधार कमरेला असतो आणि पाय जवळजवळ सरळ. कृत्रिम चामड्याच्या पट्ट्याला वळणावर बारीक भेगा पडल्यात. हे चामडं दमट हवेत आपोआप कुजतं, त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवते आणि त्या वेळेवर बदलते. म्यानाच्या तोंडाशी रंग खरवडला गेला आहे. पातं रोज आत-बाहेर करू नका.

उजेडाचा धडा मला दुसऱ्या फिगरने दिला. ती १/१२ ची, १५ सेंमीची, ई नाओमासा या दुसऱ्या सामुराई सरदाराच्या लाल चिलखतातली आहे. खिडकीजवळ होती. एक दिवस पुसताना खांद्याची सोदे वर उचलली, तर खालचा लाल रंग गडद आणि बाहेरचा विटकरी झालेला. मासामुने त्याच दिवशी आतल्या भिंतीकडे हलवला.

धुळीसाठी मेकअपचा नवा मऊ ब्रश, दोऱ्यांवर वरून खाली हलक्या हाताने. कापड अजिबात नको, ते चंद्रकोरीच्या टोकात अडकतं.

हातात घेऊन सारख्या पोझ बदलायच्या असतील तर ही फिगर घेऊ नका, १/१२ घ्या. एका जागी ठेवून जवळून बघत राहायचं असेल तर नक्की घ्या, पहिली संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवा, आणि सुरुवात नडग्यांपासून करा.