घरगुती वाफेचा तंबू आणि ‘डिटॉक्स’ स्नान : सांधेदुखीच्या रुग्णाने केलेली पारख

‘पोर्टेबल स्टीम सॉना’ या नावाने ऑनलाइन बाजारात मिळणारा कापडी तंबू मी गेल्या थंडीत सहा हजारांच्या आसपास घेतला आणि तेव्हापासून तो नियमित वापरात आहे. मला ऱ्हूमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी हाताची बोटे आणि घोटे आखडलेले असतात, दुधाची पिशवी फाडणे किंवा कुकरचे झाकण लावणे तास-दीड तास जमत नाही, आणि थंडी-पावसात हा काळ आणखी लांबतो. तंबू घेण्यामागचा हेतू एवढाच होता की हे आखडलेपण लवकर सुटावे. खोक्यावर मात्र शरीरातील विषद्रव्ये बाहेर टाकण्यापासून मधुमेह आणि थायरॉइडपर्यंत सगळ्याचा उल्लेख आहे. वस्तूचे परीक्षण आणि दाव्यांचे परीक्षण ही दोन वेगळी कामे आहेत, आणि या वस्तूच्या बाबतीत दोन्हींचे निकाल अगदी उलट लागतात.

आधी वस्तूबद्दल. खोक्यात अस्तर लावलेल्या जाड कापडाचा घडीचा तंबू, आतल्या काड्या, एक हलकी घडीची खुर्ची, दोन लिटर पाण्याचे विजेवर चालणारे भांडे आणि वाफ तंबूत नेणारी नळी एवढे सामान येते. आपण खुर्चीवर बसायचे, पुढची चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि डोके बाहेर ठेवायचे. भांड्यातले पाणी उकळायला आठ-दहा मिनिटे लागतात आणि त्यानंतर तंबूतले तापमान हळूहळू पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. फिनलंडमधल्या लाकडी सॉनात ८० ते १०० अंश तापमान असते, पण तिथली हवा कोरडी असल्यामुळे घाम उडतो आणि माणसाला तग धरता येतो. तंबूत हवा वाफेने भरलेली असते, घाम उडूच शकत नाही, म्हणून पंचेचाळीस अंशसुद्धा भरपूर होतात. त्वचेवरून ओघळणाऱ्या पाण्यातले बरेचसे घाम नसून थंड त्वचेवर जमलेली वाफच असते, ही गोष्ट ‘किती घाम निघाला’ हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

सांध्यांना फायदा होतो का? होतो, आणि तो जाणवण्याइतका होतो. पंधरा मिनिटांनंतर मूठ पूर्ण वळते, घोट्यांतला ताठरपणा उतरतो आणि पुढचे दोन-तीन तास स्वयंपाक, अंघोळ, कपडे ही कामे कुरकुर न होता उरकतात. दुपारपर्यंत परिस्थिती मूळपदावर येते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच्याशी जुळतो. ऱ्हूमॅटॉइड संधिवाताच्या १७ आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या (पाठीचा कणा आखडवणाऱ्या संधिवाताच्या) १७ रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सॉना (वाफेऐवजी उष्ण किरणांनी अंग तापवणारा) दिला गेला. सॉना चालू असताना दुखणे आणि ताठरपणा स्पष्टपणे कमी झाला, आजारही वाढला नाही, पण टिकाऊ परिणाम ठामपणे सांगता येईल इतका दिसला नाही. इन्फ्रारेड आणि वाफ या वेगवेगळ्या पद्धती असल्या तरी अपेक्षा किती ठेवावी हे ठरवायला एवढे पुरेसे आहे. सांधा लाल होऊन गरम लागत असेल, सूज चढती असेल, तर त्या दिवशी तंबू उघडूच नये. अशा सांध्याला शेक दिला की ठणका वाढतो, तिथे गार पट्टी बरी.

विक्रेते ज्याचा वारंवार दाखला देतात तो फिनलंडचा अभ्यास मात्र इथे लागू करता येत नाही. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेऊन २०१५ साली तो प्रसिद्ध झाला आणि आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अभ्यास मोलाचाच आहे. परंतु तो लहानपणापासून सॉनात बसत आलेल्या लोकांचा आहे, कोरड्या आणि कितीतरी अधिक उष्णतेचा आहे, आणि निरीक्षणावर आधारलेला आहे. रोज सॉना घेऊ शकणारा माणूस मुळातच अधिक धडधाकट असण्याची शक्यता त्यात पूर्णपणे वगळता येत नाही. त्यावरून पुण्यातल्या फ्लॅटमधल्या कापडी तंबूला हृदयरक्षक ठरवणे हे विक्रीकौशल्य झाले.

आता ‘डिटॉक्स’. घाम हा जवळजवळ सगळा पाणी आणि मीठ असतो. त्यात थोडा युरिया, थोडे लॅक्टिक आम्ल आणि धातूंचे अत्यल्प अंश सापडतात. शरीराला नको असलेली द्रव्ये मोडण्याचे काम यकृत करते आणि ती बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे आणि आतडी करतात. घामाचे काम अंग थंड ठेवणे हे आहे. वाफ घेऊन उठल्यावर वजनकाटा कमी वजन दाखवतो, पण ते पाण्याचे वजन असते आणि दोन तांबे पाणी पोटात गेले की परत येते. हा दावा नुसता पोकळ असता तर दुर्लक्ष करता आले असते. सोबतच्या पुस्तिकेत ‘औषधांचे साचलेले अंशही घामावाटे निघून जातात’ असे वाक्य आहे आणि ते वाचून एखाद्याने गोळ्या बंद केल्या तर सांध्यांची जी झीज होते ती भरून येत नाही. शिवाय माझ्यासारखे अनेक रुग्ण मेथोट्रेक्सेट हे संधिवात आटोक्यात ठेवणारे औषध घेतात. ते औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. घाम काढून शरीरातले पाणी घटवले आणि ते वेळेवर भरून काढले नाही, तर औषध शरीरात रेंगाळून त्याचाच त्रास वाढू शकतो. म्हणजे ‘विषारी अंश काढण्याच्या’ नादात उलटाच प्रकार घडायचा. वाफेच्या आधी एक आणि नंतर दोन पेले पाणी हा नियम मी त्यामुळे कधीही मोडत नाही.

एप्सम सॉल्टच्या स्नानाबद्दल थोडक्यात. हे मॅग्नेशियम सल्फेट आहे, इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले, आणि ते त्वचेतून पुरेशा प्रमाणात शरीरात शिरते याला भक्कम पुरावा नाही. बरे वाटते ते गरम पाण्यामुळे. खरी अडचण आपल्या घरांची आहे. १५ लिटरच्या गिझरमधले ६५ अंशांचे पाणी २५ अंशांच्या नळाच्या पाण्यात मिसळले तर ४० अंशांचे जेमतेम ४० लिटर पाणी होते. घडीचा टब गळ्यापर्यंत भरायला दोनशे लिटर लागतात. गिझर पाच वेळा तापवेपर्यंत पहिले पाणी निवलेले असते, आणि ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो तिथे एकट्यासाठी दोनशे लिटर ओतून देणे मनाला पटत नाही. त्यापेक्षा बादलीभर कढत पाण्यात घोट्यापर्यंत पाय आणि मनगटापर्यंत हात पंधरा मिनिटे बुडवून बसावे. मीठ घातले काय, न घातले काय, मला फरक जाणवला नाही.

पाय बुडवायचे ‘आयनिक डिटॉक्स’ यंत्र आमच्या शेजारी आले होते आणि त्याची जाहिरात सर्वांत दृष्टिभ्रम करणारी असल्यामुळे त्यावर दोन वाक्ये जास्त लिहितो. टबात पाणी, चिमूटभर मीठ, त्यात दोन धातूच्या पट्ट्यांची गुंडाळी आणि आपले पाय; अर्ध्या तासात पाणी आधी पिवळट, मग तपकिरी होते आणि वर मळकट फेस येतो. सोबतच्या रंगीत तक्त्यात कोणता रंग यकृताचा आणि कोणता सांध्यांचा हे छापलेले असते. आम्ही तेच यंत्र, तेवढेच मीठ घालून, पाय न बुडवता चालवले. पाणी तितकेच तपकिरी झाले, तक्त्यानुसार टबाचे यकृतही बिघडलेले निघाले. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की पट्ट्यांतले लोखंड गंजून पाण्यात उतरते, त्याचा हा रंग. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही अशा यंत्राच्या पाण्याची पाय बुडवून आणि न बुडवता तपासणी झाली आणि शरीरातले विषारी धातू बाहेर पडत असल्याचा पुरावा मिळाला नाही. हे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

वाफेचा उपचार आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदनाचाच, म्हणजे घाम आणण्याच्या उपचाराचाच आहे आणि त्यात सांगितलेल्या तेरा अग्निस्वेदांपैकी (उष्णता वापरून घाम आणण्याच्या प्रकारांपैकी) नळीने वाफ देणारा नाडीस्वेद या तंबूच्या बराच जवळचा आहे. पुस्तिकेत या परंपरेचे गुणगान आहे, पण त्याच अध्यायात गर्भवती आणि मधुमेही यांना स्वेदन वर्ज्य सांगितले आहे, हे छापायला जागा पुरली नसावी. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसल्याचे कळतच नाही, आणि तंबूत वाफेच्या नळीचे तोंड नेमके पायांजवळच येते. छातीत दुखण्याचा त्रास असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब घसरणारे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात बसू नये. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांची दृष्टी आणि हातापायांतली शक्ती उष्णतेने तात्पुरती ढासळते. दुखण्यासाठी फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी त्वचेवर लावलेल्यांच्या अंगात उष्णतेमुळे औषध धोकादायक वेगाने शिरू शकते. यांतली एकही सूचना माझ्याकडच्या पुस्तिकेत नाही.

रोजच्या वापरातल्या गोष्टी आता. भांडे हजार वॉटचे आहे, म्हणजे अर्ध्या तासाला अर्धे युनिट. विजेचा खर्च नगण्य आहे. अर्थिंग असलेल्या प्लगवरच आणि कोरड्या फरशीवरच ते ठेवावे, बाथरूममध्ये नको. आमच्याकडे बोअरचे पाणी असल्याने महिनाभरात भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. लिंबाचा रस घालून उकळले की तो सुटतो. निलगिरीचे तेल पाण्यात घालू नये, नळीचे रबर फुगते. तंबू वापरून झाल्यावर उलटा करून वाळवणे आवश्यक आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंख्याखाली ठेवूनही शिवणींत काळी बुरशी धरली. चेनची पट्टी आतल्या बाजूनेही आहे, पण ती इतकी बारीक आहे की आखडलेल्या बोटांनी धरता येत नाही. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत हा दोष अक्षम्य आहे. मी तिला गोफाचा जाड फास बांधून घेतला. उठताना एकदम उभे राहू नये, रक्तदाब उतरलेला असतो आणि भोवळ येते. घरात दुसरे कुणी असतानाच बसावे.

खुर्ची ऐंशी किलोच्या वर भरवशाची वाटत नाही, त्यापेक्षा घरातले बाकडे आत सरकवावे. हमी फक्त भांड्याला आहे, तीही सहा महिन्यांची, आणि नळी स्वतंत्र विकत मिळत नाही. सकाळच्या आखडलेपणासाठी, डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर, चार-साडेचार हजारांपर्यंत मिळाला तर तंबू घ्यावा. सवलतीत सोबत चिकटवलेले ‘डिटॉक्स मीठ’ आणि पायांचे यंत्र वगळून किंमत किती होते ते विक्रेत्याला आधी विचारावे.